पाण्याचं ऑपरेशन

आमच्या घरात पाणी शुद्ध करायचं यंत्र आलं ते फुईमुळे. फुई म्हणजे वडिलांची बहीण. आमच्याकडे आत्या कोणी म्हणत नाही. ती खांडबाऱ्याच्या पलीकडे एका गावात एकटी राहायची. उन्हाळ्यात तिला कावीळ झाली आणि आम्ही नवरा-बायको तिला कळसाडीला आमच्या घरी घेऊन आलो. शहाद्याच्या डॉक्टरांनी तिचे हळदीसारखे डोळे पाहिले आणि मला सांगितलं, "गोळ्यांपेक्षा पाणी महत्त्वाचं. स्वच्छ आणि भरपूर. नाही प्यायल्या तर ॲडमिट करून सलाईन लावावं लागेल."

फुई नेमकी पाणीच पीत नव्हती.

आल्या दिवशी बायकोने माठात आरोग्य खात्याच्या आशाताईंनी दिलेले क्लोरीनचे थेंब टाकले. फुईने पेला नाकापर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला.

"भाऊ, हाई पाणीले तुन्हा दुकानना वास येस."

माझं दुकान बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं. संध्याकाळी मी घरी येतो तेव्हा शर्टाला असा वास असतो की आमचं कुत्रंसुद्धा शेपूट लांबूनच हलवतं. मी फुईला समजावलं, की दुकानातलं औषध वेगळं, माठातलं वेगळं. एक कापसावरच्या बोंडअळीसाठी, दुसरं माणसांसाठी.

"बोंडअळीनं तुन्हा कापूस खादा," फुई शांतपणे म्हणाली. "मी तुन्हं काय खादं?"

मग पाणी उकळलं. ते तिने तोंडात घेतलं आणि मोरीत जाऊन टाकून आली. "चुलावर मरेल पाणी शे हाई. त्यानी तहान जात नही." बाहेर ऊन असं की कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या आपोआप पेटतील, आणि फुई दिवसभरात दोन घोट चहावर. ओठ फुटले, आवाज बसला. चौथ्या की पाचव्या दिवशी मी दुकानातून आलो तर दाराशी तिचं गाठोडं बांधून तयार.

"माले नंदुरबारले गाडीमा बसाडी दे. मी मन्ही विहिरनं पाणी पिसू."

ज्या विहिरीने कावीळ दिली, तिच्याकडेच निघाली होती बाई. मी म्हटलं, दोन दिवस थांब. थांबली, पण गाठोडं सोडलं नाही.

त्याच दोन दिवसांत मी ते यंत्र आणलं. औषध नाही, वास नाही, उकळणं नाही. आत एक नळी, नळीत निळसर उजेड, आणि पाणी त्या उजेडाच्या अंगाला घासून बाहेर येतं; चव जशीच्या तशी. मेकॅनिकने ते ओट्याच्या वर भिंतीला ठोकलं आणि बजावलं, "धार बारीक येईल. मुद्दाम ठेवलीय. उजेडाला वेळ मिळाला पाहिजे."

तांब्या भरायला इतका वेळ लागला की मला जांभई आली. मी औषधविक्रेता, पंपाच्या प्रेशरवर माझी श्रद्धा. मी त्याला म्हटलं, "धार जरा मोकळी कर." त्याने आतला बारीक भोकाचा वायसर काढून ओट्यावर ठेवला, खांदे उडवले आणि गेला.

बायकोने यंत्राला कुंकू लावलं, नारळ फोडला. फुईला खुर्ची दिली. मग मी भाषण केलं. दुकानात नवीन बाटली विकताना करतो तसंच.

"फुई, यामा औषध नही. फक्त उजेड शे."

"उजेड काय करस?"

"जंतू मारस. एक बी वाचत नही."

फुई धारेकडे बघत राहिली.

"मंग मरेल जंतू कोठे जातस?"

शेतात अळी मरते, खाली पडते, मातीत जाते. तिचं पुढे काय होतं हे आजवर एकाही गिऱ्हाइकाने मला विचारलं नव्हतं. त्यामुळे उत्तर तयार नव्हतं, आणि उत्तर तयार नसलं की माझ्या तोंडून खरं बाहेर पडतं.

"पाणीमाच ऱ्हातस."

"म्हंजे आतेलोंग जित्ता पेत होतूत, आते मढा पेवाना," फुई म्हणाली आणि जाऊन गाठोड्याशेजारी बसली.

बायको नारळ खवत होती. मान वर न करता म्हणाली, "दुकानमा बसी बसी तुम्हले मारानाशिवाय दुसरी भाषाच येत नही. सकाय ती गाडीमा बसी जाई, मंग तिले पाणी कोन दी?"

मी अंगणात जाऊन मेकॅनिकला फोन लावला. विचारलं, यंत्रात मेलेले जंतू बाजूला काढायची काही सोय आहे का. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, "काका, खरं सांगू का, तो उजेड त्यांना जागच्या जागी मारतो असं नाही. त्यांच्या आतलं बिघडवतो. त्यांना पिल्लं होत नाहीत. जंतू पोटात गेला, वाढला, म्हणजे माणूस आजारी. वाढलाच नाही तर काय करणार बिचारा?"

फोन ठेवला आणि मला फुई आठवली. म्हणजे ती समोरच बसली होती. मला तिची नोकरी आठवली. फुईने उभी हयात आरोग्य केंद्रात आया म्हणून काढली. पाड्यापाड्यावर जाऊन बायांशी बोलायचं, ज्या तयार होतील त्यांना जीपमधून कुटुंब नियोजनाच्या शिबिराला न्यायचं, शेजारी बसायचं, घरी आणून सोडायचं. तिच्या निम्म्या गोष्टी त्या जीपमध्ये सुरू होतात.

मी तिच्यापुढे उकिडवा बसलो.

"फुई, मी चुकीनं सांगं. त्या मरतस नही. त्यासनं ऑपरेशन व्हस."

"कसानं?"

"तेच. तू बायासले जीपमा लई जाये ना, ते."

फुईने माझ्याकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं.

"समदासनं?"

"समदासनं."

"टाका?"

"बिनटाकानं. नुसता उजेडवर."

"आनी मंग?"

"मंग काय. पोटमा जातस, फिरतस, निंघी जातस. पोरेसोरे नही."

फुई गुडघ्यावर हात देऊन उठली. यंत्रासमोर उभी राहिली. आता तिच्या चेहऱ्यावर आजारी बाई नव्हती, ड्यूटीवरची आया होती. "नळ सोड," म्हणाली. मी सोडला. बदाबदा पाणी आलं आणि फुईने झटकन नळ बंद केला.

"इतली घाई?"

मग तिने एक गोष्ट सांगितली. एका शिबिरात डॉक्टरला पुढे कुठे तरी जायचं होतं. भराभर उरकलं. त्यातल्या एकीला पुढच्या वर्षी मुलगी झाली. बाईचा नवरा भांडायला आला तो फुईच्या दारात. डॉक्टरचं दार त्याला माहीत नव्हतं. "ती पोर मन्हा जीव शे आते. दिवाळीले मन्हाकडेच येस. पन घाई ती घाई."

मेकॅनिकने हेच सांगितलं होतं हे मी बोललो नाही. बायको बोलली. मी वायसर शोधायला ओट्याखाली वाकलो, तर तिने मोहरीच्या डब्यातून तो काढून माझ्या हातावर ठेवला. तिने तो जपून ठेवला होता. ती मला ओळखते.

वायसर बसवला. धार सुतासारखी झाली. फुई पेला धरून उभी राहिली, भरेपर्यंत हलली नाही. वास घेतला. प्यायली. थांबली. आम्ही दोघं तिच्या गळ्याकडे बघत होतो. मग तिने पेला परत धारेखाली धरला.

तिसऱ्या पेल्याला बायकोने गाठोडं सोडलं आणि आतली लुगडी दोरीवर टाकली.

फुईचे डोळे हळूहळू पांढरे झाले. सलाईन लागलं नाही. आता यंत्र तिच्या ताब्यात आहे. पाणी आधी फडक्यातून गाळून वर ओतायचं, गढूळ पाण्यात उजेडाला, म्हणजे तिच्या डॉक्टरला, काय दिसणार. भरलेल्या हंड्यावर झाकण, आणि आत कोणी बोट बुडवायचं नाही. मी एकदा बुडवलं. "ऑपरेशन व्हयेल बायासमा बिगरऑपरेशनना गडी घाली दिधा तू," असं तिने गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं आणि अख्खा हंडा झाडांना घालायला लावला.

परवा भर दुपारी माझा साला आला. उन्हातून आलेला, दारातूनच म्हणाला, "फुई, पाणी दे पहिले." हंडा रिकामा होता आणि लाईट गेलेली.

"बठ," फुई म्हणाली. "डॉक्टर उना नही अजून."

साल्याने घाबरून माझ्याकडे पाहिलं. "कोन आजारी शे, दाजी?"

मी पंख्याकडे बघत बसलो. समजावून सांगण्यात माझा हातखंडा कसा आहे ते घरात सगळ्यांना माहीत झालंय. बऱ्याच वेळाने पंखा कुरकुरला, यंत्रावरचा दिवा लागला. फुईने दोन पेले काढले. पहिला भरायला लागला तसा साल्याने हात पुढे केला.

"थांब," ती म्हणाली, आणि तो पेला स्वतः पिऊन टाकला. "माले डॉक्टरनी भरपूर पेवानं सांगेल शे."