रोजची पेशंट मीच

त्या वर्षी कारखान्याचं गाळप झालंच नाही. दोन पावसाळे कोरडे गेल्यावर ऊस येणार कुठून? कामगार आपापल्या गावी गेले, त्यांच्या खोल्या ओस पडल्या, आणि त्या रिकाम्या कॉलनीत कारखान्याच्या संस्थेनं ॲम्ब्युलन्सवर काम करणाऱ्या मुलींचं प्रशिक्षण सुरू केलं. माझे आईवडील ऊसतोडीला कर्नाटकात गेलेले, पाटोद्याजवळच्या आमच्या घराला कुलूप. बारावी झालेली होती, म्हणून मी अर्ज केला. राहायची सोय होणार, हेही त्यात होतंच.

आम्ही नऊजणी होतो. नऊ म्हणजे चार जोड्या आणि मी. खोलीत दोघी-दोघी राहायच्या, मी शेवटच्या खोलीत एकटी. शिकवायला फौजेतून निवृत्त झालेले एक सर होते. त्यांचा सगळा भर हातावर. वहीत लिहिलेलं रस्त्यावर कामाला येत नाही, म्हणायचे. नाडी बघा, बँडेज बांधा, हाड मोडलेला पाय फळीला जखडा, सगळं एकमेकींवर करायचं. मला जोडीदार नव्हती, म्हणून मी स्वतःच्याच मनगटावर नाडी मोजायचे आणि डाव्या हाताला उजव्या हातानं पट्टी बांधायचे. गाठ दातांनी ओढायचे.

मग अपघातातला माणूस उचलायला शिकवायची वेळ आली. मानेला कॉलर लावायची, तिघीचौघींनी मिळून एकदम कुशीवर वळवायचं, पाठीखाली लांब बोर्ड सरकवायचा, पट्टे आवळायचे. पेशंट कोण होणार?

"ही हलकी हाय, सर," एकजण म्हणाली. त्या दिवसापासून पेशंट मीच.

पहिल्यांदा बरं वाटलं. कुणीतरी हात लावत होतं, डोकं धरत होतं. पण त्या आपसात बोलायच्या, माझ्याशी नाही. माझ्या अंगावरून त्यांच्या गप्पा चालायच्या, कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या भावानं काय पाठवलं. मी छताच्या पत्र्याकडं बघत पडून राहायचे.

एक दिवस सर कामानं बीडला गेले होते. मुलींनी मला बोर्डावर बांधलं, कॉलर लावली, डोक्याच्या दोन्ही बाजूंना ठोकळे लावून कपाळावरून चिकटपट्टी ओढली. तेवढ्यात बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. टँकर तीन-चार दिवसांनी यायचा, त्याचा नेम नव्हता. सगळ्या घागरी घ्यायला पळाल्या.

मला वाटलं, एकजण तरी मागं फिरेल. हाका मारल्या. बाहेर भांड्यांचा आणि भांडणाचा एवढा गलका होता, की माझा आवाज मलाच नीट ऐकू येईना. हात पट्ट्याखाली. घाम कपाळावरून कानात उतरायला लागला, तो पुसता येईना. मग मी हाका मारणं सोडून दिलं. आईला तिकडं काय ठाऊक असणार, आपली पोरगी कुठं पडलीय ते.

बऱ्याच वेळानं त्या आल्या. "अगं बया, तू इथंच का?" म्हणत एकीनं पट्टे सोडले आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. खोलीवर गेले तर माझी घागर दाराशी कोरडीच होती.

दुसऱ्या दिवशी सरांनी बोर्ड मांडला, तेव्हा मी उभीच राहिले. "सर, मी आज झोपणार न्हाई."

"का?"

मी सांगितलं. सांगताना रडू आलं, त्याची लाज वाटली. सर कुणालाच रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, चपला काढल्या आणि स्वतः फरशीवर आडवे झाले. "डोक्याशी तू बस. हुकूम तुझा."

मी गुडघ्यांवर बसले, दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरलं. काय बोलायचं ते कुणी शिकवलं नव्हतं, पण ते आपसूक आलं. "सर, मी तुमच्या डोक्यापाशी हाय. मान हलवू नका. आता आमी तुमाला कुशीवर वळवणार हाव." मग मुलींना मी तीन आकडे मोजून दिले आणि सर एका दमात वळले. पट्टा आवळायच्या आधीही मी त्यांना सांगितलं.

उठल्यावर सर मुलींना म्हणाले, "पेशंटशी बोलायचं असतं. हे शिकवायचं माझ्याकडनं राहूनच गेलं." त्या दिवसापासून पेशंट व्हायला सगळ्यांच्या पाळ्या लागल्या. मैत्री मात्र कुणाशी झाली नाही. परीक्षा पास झाले आणि घरी येऊन नेमणुकीची वाट बघत बसले. गावात म्हातारी माणसं तेवढी उरली होती.

एका दुपारी मुकादमाच्या फोनवरून आई बोलली, धापा टाकत. "एका बाईला कोयता लागलाय गं, हातावर. रगत थांबंना. हळद भरली हाय, तरी न्हाई."

"आई, आता आणखी काही भरू नको. धुतलेलं फडकं घे, घडी कर अन् जखमेवर जोरात दाब. उचलून बघू नको. फडकं भिजलं तर त्याच्यावरच दुसरं ठेव. हात वर धर. अन् गाडी बघा, दवाखान्यात न्या."

"लई वरडायलीय ती."

"तिच्याशी बोलत राहा, आई."

फोन तुटला. मी परत लावला, लागला नाही. तो दिवस गेला, दुसराही गेला. तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला. बाईला टाके पडले होते, बोटं हलत होती.

"दवाखान्यापस्तोर मीच धरलं व्हतं दाबून," आई म्हणाली. "माझा हात आखडून गेलता बघ."