प्रश्न उद्भवत नाही

ताडकळसच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मला एक खोड लागली. आमच्या आमदारांनी सभागृहात काय काय विचारलं ते विधिमंडळाच्या संकेतस्थळावरून काढायचं आणि वहीत उतरवायचं. ते इतक्या वेळा निवडून आले होते, की माझ्या पहिल्या विद्यार्थ्यांची पोरंही आता त्यांनाच मत देत होती.

एका अधिवेशनाच्या कागदांत आमच्या ओढ्यावरचा पूल सापडला. पुलाचं काम अर्धवट पडलं आहे हे खरं आहे काय, असा आमदारांचाच प्रश्न होता. मंत्र्यांचं उत्तर होतं : हे खरे नाही, काम पूर्ण झाले आहे, पुढील प्रश्न उद्भवत नाही. आमदारांनी त्यावर पुन्हा काही विचारल्याची नोंद कुठंच नव्हती. ओढ्यात तेव्हा नुसते दोन खांब उभे होते. आजही तेवढेच आहेत.

पुढच्या महिन्यात आमदार गावात आले. देवळासमोरच्या सभेत मी उठलो आणि तो कागद वाचून दाखवला. माझ्यासोबत शाळेत उभी हयात काढलेला शेजारचा मित्र हळूच उठून मागं जाऊन बसला. आमदारांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. सभा संपल्यावर जवळ आले, खांद्यावर हात ठेवला.

"गुरुजी, सूनबाई पेडगावच्या शाळेवर हायत ना? जायला-यायला बरं पडायलंय का?"

मी हो म्हणालो. त्यांनी आपुलकीनं विचारलं असंच मला वाटलं.

पंधरवड्यात सुनेला पत्र आलं. गंगाखेडच्या पलीकडं, डोंगरातल्या एका वाडीवर तात्पुरती नेमणूक. नात अजून अंगावर पीत होती. मुलानं माझ्याशी बोलणं टाकलं. सून मात्र शांतपणे म्हणाली, "मामा, तुमी खरं तेच वाचलंत. पण आता काय करायचं ते तुमीच बघा."

मी आमदारांच्या बंगल्यावर गेलो. बाहेर लय गर्दी होती, तरी मला लगेच आत घेतलं. चहा मागवला. मी पत्राचा विषय काढायच्या आधीच त्यांनी फोन करून ती नेमणूक थांबवायला सांगितली. पुलाचं नाव मी काढलं नाही, त्यांनीही नाही. उठताना म्हणाले, "माझे कागद तुमच्याइतके कुणीच वाचले न्हाईत. निवडणुकीआधी कार्य अहवाल काढायलोय. तो तुमीच लिहा."

मला नाही म्हणता आलं नाही.

सून पेडगावलाच आहे. मुलगा बोलतो. काल मी अहवाल लिहून संपवला आणि पहिल्यापासून वाचून काढला. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. पुलाचा प्रश्न आमदारांनी सभागृहात मांडला, एवढं त्यात होतं; मंत्र्यांचं उत्तर आणि ओढ्यातले दोन खांब मी लिहिले नव्हते. उद्या सकाळी त्यांचा माणूस पानं न्यायला येणार आहे.