माझ्या टी-शर्टांचा बडग्या

आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बडग्या जाळतात. बडग्या म्हणजे पुरुषाचा पुतळा; बाईचा असला तर मारबत. वर्षभर ज्यानं ताप दिला त्याची पाटी पुतळ्याच्या गळ्यात अडकवायची, वस्तीतून मिरवायचा, 'रोगराई, खोकला घेऊन जा गे मारबत' असं घसा बसेस्तोवर ओरडायचं आणि द्यायचा पेटवून. गेल्या वर्षी आमच्या कॉलनीच्या बडग्याची पाटी मी लिहिली: 'हवा खराब करणाऱ्याला घेऊन जा गे मारबत.' अक्षर झकास आलं होतं. फोटो काढून सगळ्या ग्रुपांवर टाकला.

अडचण आली तणसाची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची. पावसानं ते चिंब भिजलं होतं आणि बडग्याचं पोट भरायला काहीतरी हवं होतं. मला आमचं कपाट आठवलं. मला सेलचा आजार आहे. मोबाइलवर टी-शर्ट स्वस्त दिसला की अंगठा माझं ऐकत नाही. त्यातही पळण्याचे टी-शर्ट इतके, की बघणाऱ्याला वाटावं हा माणूस रोज पार शहराबाहेरच्या वाडीपर्यंत पळत जाऊन येत असेल. मी कोपऱ्यावर भाजी आणायलाही स्कूटरनं जातो.

मी गठ्ठा बाहेर काढला तशी बायको म्हणाली, "अहो, हे सुती नाहीत. इस्त्री लागली की चिकटते. हे जाळून राहिले काय तुम्ही?"

"कपडेच तर आहेत. कपड्याची राख होते," मी म्हणालो. असली वाक्यं मला कधी कमी पडत नाहीत.

खाली मैदानात उतरलो तशी तळमजल्यावरच्या काकूंनी खिडकीतून हाक मारली. काकूंना दमा आहे. मी चड्डीत फिरायचो तेव्हापासून त्या मला ओळखतात, त्यामुळे अजून बाबूच म्हणतात.

"बाबू, माह्या खिडकीसमोर नको पेटवू गा. मले धूर सोसत नाही."

"काकू, पाच मिनिटाचं काम आहे. तिकडे चिखल आहे ना."

चिखल होता, हे खरं. माझे बूट नवे होते, हेही खरं.

पोरांनी बडग्याला माझी पँट, माझा पिवळा टी-शर्ट आणि वरून माझाच जुना गॉगल चढवला. "काका, डिट्टो तुम्ही!" सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी.

काडी लावली. पण गडी धड जळेना, वितळायलाच लागला. पोटातून पेटते थेंब गळू लागले आणि डोळे झोंबवणारा काळाकुट्ट धूर निघाला. हवा दमट, त्यामुळे तो वर जायचं नाव घेईना. पसरत पसरत सरळ काकूंच्या खिडकीत शिरला. मी आपला ओरडतोच आहे, "खोकला घेऊन जा गे मारबत!" आतून काकूंचा खोकला ऐकू आला. मला वाटलं, गंमत म्हणून साथ देताहेत. मी आवाज आणखी चढवला.

तेवढ्यात त्यांचा मुलगा धावत बाहेर आला. "विझवा ते! आईले श्वास घेता नाही येऊन राहिला!"

काकूंना रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात ठेवलं. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून वाटेत सदरच्या बाजारात थांबून मी शाल घेतली. गुलाबी, मऊ, मांजरासारखी लव असलेली. पिशवीतून काढली तसा नव्या कपड्याचा तो दुकानी वास खोलीभर झाला आणि लव उडून माझ्या शर्टाला चिकटली. मास्कआड काकू पुन्हा खोकायला लागल्या. सिस्टरनं मला शालीसकट दाराबाहेर काढलं.

दारातूनच मी म्हणालो, "काकू, चुकलो मी."

काकूंनी मास्क जरा बाजूला केला. "काहून गा बाबू, तू तर खोकला न्यायले सांगत होता ना? माह्याच घरी आणून सोडला."

त्यांचं हे बोलणं मी नंतर कितीतरी बैठकांत रंगवून सांगितलं. लोक खदाखदा हसतात. त्या स्वतः हसल्या नव्हत्या, तेवढं सांगताना मी गाळतो.

काकू बऱ्या होऊन घरी आल्या. त्यांच्या खिडकीसमोर जमिनीला एक काळा, दगडासारखा गोळा चिकटला होता, त्यात माझ्या पँटची चेन अर्धी दिसत होती. मी खुरपं घेऊन बसलो. वरचा भाग तुकड्यातुकड्यानं निघाला. खालचा मातीत, गवताच्या मुळांत उतरला होता. तो अजून आहे. मी खरवडत होतो तोवर खिडकी बंदच होती.

कपाटातल्या उरलेल्या टी-शर्टांचं काय करायचं, विचारलं तर बायको म्हणाली, "घालून फाडा." फाटतही नाहीत मेले.

यंदा कॉलनीत बडग्या जाळायचा नाही, असं मीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तरी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकू पिशवी घेऊन फाटकाशी उभ्या दिसल्या. मुलीकडे निघाल्या होत्या.

"काकू, यंदा आपण काही जाळून नाही राहिलो," मी म्हणालो.

"हो गा," त्या म्हणाल्या, तोंडाला पदर लावला आणि ऑटोत बसल्या.