दिंडोरी रोडचा कॅमेरा आणि आमची गाडी

रोज एकाच गाडीत तीच चार माणसं बसली की महिनाभरात बोलायचे विषय संपतात. मग रस्त्यावर जे दिसेल त्यावर दिवस काढावे लागतात. किस्से असेच साठतात, कोणी मुद्दाम साठवत नाही.

आम्ही चौघं नाशिकहून कळवणला ज्युनिअर कॉलेजवर शिकवायला जातो. फिजिक्सचे अहिरे सर मूळचे सटाण्याकडचे. केमिस्ट्रीचे गायधनी सर पंचवटीतले, घरात पिढीजात भिक्षुकी. गणिताच्या पगार मॅडम. आणि मी. मी मराठी शिकवतो आणि गाडी चालवायला अजून शिकतोय. त्यामुळे बाकी तिघांच्या गाड्या आळीपाळीनं एकेक आठवडा निघतात आणि मी कायम मागच्या सीटवर. तिथून सगळं नीट दिसतं.

दिंडोरीच्या अलीकडे रस्त्याला स्पीड कॅमेरा लागला आणि आमच्या प्रवासात पाचवा माणूस आल्यासारखं झालं.

*

कॅमेरा लागल्या लागल्या अहिरे सरांनी त्याचा अभ्यास केला. खांब दिसला की ब्रेक, खांब मागे पडला की ॲक्सिलरेटर. सगळा रस्ताच तसं करायचा. तेवढ्या टप्प्यात गाड्या अशा चालायच्या, जसं काही पुढे कुणाची वरात आहे.

"कॅमेऱ्याला काय कळतं?" सर म्हणायचे. "त्या एका क्षणी तुम्ही हळू असलात म्हणजे झालं."

आठवड्याभरात त्यांना दंडाचा मेसेज आला. फोटो गाडीच्या मागच्या बाजूचा होता. खांब ओलांडून सरांनी पाय दाबला होता आणि कॅमेरा पाठमोऱ्या गाड्यांचाही फोटो काढतो, हे अभ्यासातून सुटलं होतं.

ही बातमी कॉलेजात कशी पोचली माहीत नाही. (मी नाही सांगितली.) पण त्याच आठवड्यात अकरावीला सर वेगाचा धडा शिकवत होते. सरासरी वेग कोणता, त्या क्षणाचा वेग कोणता, हे फळ्यावर समजावून झालं. "काही शंका?" असं विचारल्यावर पहिल्या बाकावरची एक हुशार मुलगी उभी राहिली.

"सर, दंड कुठल्या वेगाचा लागतो?"

*

आमच्याकडे समोरच्या गाडीला कोणी सहसा जागा देत नाही. पण पुढे पोलीस उभे असले की हेडलाइट मारून सावध करायचं, हा धर्म मात्र सगळे पाळतात. अहिरे सर तर फारच.

एकदा वळणावर पोलिसांची स्पीडगनवाली गाडी उभी होती. ती मागे टाकल्यावर समोरून जी कोणी गाडी येईल तिला सर लाइट मारत सुटले. टेम्पो, कार, एक एसटीसुद्धा. पुढून एक बोलेरो आली, तिलाही मारला. बोलेरो थांबली. पोलिसांचीच होती.

हवालदार उतरून सरांच्या काचेशी आले. "काय सांगत होता, सर?"

सर म्हणाले, "काही नाही. पुढे रस्ता जरा खराब आहे, म्हणून."

हवालदारांनी मान डोलावली. "बरं झालं सांगितलंत. पुढे आमचे साहेब उभे आहेत. तुमचं नाव सांगून त्यांनाही कळवतो."

त्यानंतर वणीपर्यंत गाडीत कोणी कोणाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर हसू आवरलं नसतं.

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्या खांबापाशी एक आयशर टेम्पो उभा दिसला. ड्रायव्हरनं खांबाला झेंडूचा हार बांधला होता आणि हातात नारळ घेऊन तो कोणाची तरी वाट बघत होता. गायधनी सरांनी कुतूहलानं गाडी हळू केली. त्यांच्या कपाळावरचं गंध बघून तो धावतच आला.

"महाराज, देवासारखे आलात. दोन मंत्र म्हणा."

सर केमिस्ट्रीचे असले तरी रक्तात भिक्षुकी आहे. ते उतरले, चपला काढल्या आणि विचारलं, "कसली पूजा आहे? गाडी नवीन घेतली का?"

"नाय हो, जुनीच हाय. नजर लागती तिला सारखी."

"कोणाची?"

त्यानं वर कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं.

सरांनी मंत्र म्हटले. नारळाचं अर्धं भकल प्रसाद म्हणून आम्हाला मिळालं.

*

त्या खांबाजवळच एका तात्यांचं शेत आहे. द्राक्षबागेच्या कडेला ते उभे असतात, कधी दिंडोरीपर्यंत आमच्या गाडीत येतात. एकदा त्यांनी विचारलं, "सर, तुम्ही शिकलेले. ह्यो कॅमेरा रात्रंदिवस चालू असतो ना?"

"असतो की," अहिरे सर म्हणाले.

"माझी विहिरीवरची मोटार चोरीला गेली. ह्याच रस्त्यानं नेली. मी पोलीस चौकीत जाऊन म्हटलं, तुमच्या कॅमेऱ्यात बघा. तर म्हणे, तात्या, त्यो फक्त जोरात जाणाऱ्याचा फोटो काढतो."

"मग?"

"मग काय. चोर हळू गेला."

*

आता पगार मॅडमचं. मॅडमच्या आठवड्यात आम्ही घरून लवकर निघतो. त्यांची गाडी पन्नासच्या पुढे जात नाही. मागून हॉर्न वाजले तरी नाही, रस्ता मोकळा असला तरी नाही. अहिरे सर आडून आडून बोलतात, पण मॅडमचे मिस्टर सरळच बोलतात. "हिच्याबरोबर निघालं की वाटेतली पिकं मोठी होताना दिसतात," हे त्यांचं वाक्य आम्ही त्यांच्या घरी दोनदा ऐकलंय. मॅडम तेव्हा चहा ओतत होत्या.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी आम्ही परत येत होतो. गाडी मॅडमची. अहिरे सर भाच्याच्या लग्नाला गेलेले, म्हणजे गाडीत आम्ही तिघंच. वणी सोडल्यावर पुढे बसलेले गायधनी सर म्हणाले, "जरा काच खाली करता का?" बाहेर गार वारा होता आणि त्यांचा सदरा घामानं भिजला होता. हात छातीवर. मी मागून त्यांचा खांदा धरला, तो थरथरत होता.

दिंडोरीत एका डॉक्टरांनी तपासलं, जिभेखाली गोळी ठेवली. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. "थांबू नका," ते म्हणाले, "तडक नाशिकला न्या. मी हॉस्पिटलला फोन करून ठेवतो."

मॅडमनी चष्मा पुसला. पदर खोचला. "तुम्ही त्यांच्याशी बोलत राहा," मला एवढंच म्हणाल्या.

मी बोलत राहिलो. काय बोलत होतो ते आठवत नाही. खिडकीबाहेरच्या बागा नुसत्या हिरव्या पट्ट्यासारख्या मागे जात होत्या. गायधनी सरांनी मध्येच डोळे उघडून रस्त्याकडे बघितलं आणि घाईनं परत मिटले. पंचवटीत मॅडमनी काच उतरवून रिक्षावाल्यांना असा आवाज दिला की त्यांनी बाजूला होऊन वाट करून दिली. द्वारका चौकात कुठल्या बाजूनं गाडी काढली, ते मी अजूनही सांगू शकत नाही.

सरांना आत नेलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. मॅडम गाडीची किल्ली मुठीत धरून बसल्या होत्या. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले. "धोका टळला," ते म्हणाले. "अगदी वेळेवर आणलंत." तोवर येऊन पोचलेल्या गायधनी सरांच्या मिसेस मॅडमच्या गळ्यात पडून रडल्या. मीही भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले.

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. मिस्टर होते. गाडी त्यांच्या नावावर आहे. त्यांचा आवाज मला शेजारी बसल्या बसल्या ऐकू येत होता.

"अगं, ऐक. मोबाईलवर फ्रॉडचा मेसेज आलाय. मी लिंक उघडलेली नाही. तुला आला तर तूही उघडू नकोस. म्हणे आपल्या गाडीनं ओव्हरस्पीड केलं, दिंडोरी रोडला. आपल्या गाडीनं! थाप मारायची तरी जरा चौकशी करून मारावी माणसानं."

मॅडम सावकाश सरळ बसल्या.

"अहो, किती स्पीड म्हणतायत?"

"एकशे सहा."

मॅडमनी फोन कानापासून काढला, स्पीकरवर टाकला आणि आमच्या मधोमध बाकावर ठेवला.

"इथे नीट ऐकू येत नाहीये," त्या म्हणाल्या. "जरा मोठ्यानं सांगा."