हार्डली

स्टेशनच्या बाबूनं माझी चिठ्ठी वाचली अन् हसला. शेजारच्या दोघांपुढं धरली. तेबी हसले. मी दाराबाहेर, उन्हात. जात आधीच विचारून झाली होती.

"धिस मॅन हार्डली वर्क्स! हा माणूस काम करतच नाही म्हणे. अन् हीच चिठ्ठी घेऊन काम मागायला आलास बे?"

मी म्हणलं, "हार्डली म्हंजी लई कष्टानं, साहेब. आमच्या ओव्हरसियरनं सांगितलंय."

"कष्टानं म्हणजे नुसतं हार्ड. हार्डली म्हणजे जेमतेम, न केल्यासारखं. चल, हो बाजूला."

घाटनांदूरकडं निजामाची रेल्वे आली तवा मी दोन वर्षं भराव टाकला, खडी फोडली. रूळ उचलताना डाव्या हाताची दोन बोटं गेली. काम संपलं. ओव्हरसियर आमच्याच गावच्या देशमुखाचा थोरला. रेल्वेत कायमचं काम मिळावं म्हणून त्याच्याकडं चिठ्ठी मागितली. त्यानं लिहिली, वाचून दाखवली, अर्थबी सांगितला. ती फडक्यात बांधून मी तीन स्टेशनं पायी फिरलो. आधीच्या दोन ठिकाणी वाचली अन् हाकलून दिलं. कावून, ते आज कळलं.

तसाच गावात आलो. ओव्हरसियर वाड्याच्या ओसरीवर पान लावत बसलेला.

"असं कावून लिवलं, मालक?"

तो दचकलाबी न्हाई. "तू रेल्वेत गेल्यावर आमच्या रानात कोण राबंल? बरं, आण. दुसरी लिहून देतो. एवढी सुगी काढ. पाया पड अन् जा."

माझी कंबर वाकली. खरं सांगतो, वाकली. बापाची वाकायची, आज्याची वाकायची, तशीच. निम्म्यात थांबलो. सरळ झालो.

"न्हाई," म्हणलं. "तुमच्या हातचा कागद नगं. अन् तुमचं रानबी नगं."

दुसऱ्या दिवशी बायकोला त्यांच्या खळ्यावरून हाकललं. गावात कुणीच काम देईना. आठ दिवसांत आमी बिऱ्हाड उचललं अन् मोमिनाबादला आलो.

इथं पलटणीच्या छावणीत इंग्रजी कागद लिहायची चाकरी करून निघालेला एक म्हातारा मुन्शी हाय. मी त्याची लाकडं फोडतो, तो मला इंग्रजी अक्षरं शिकवतो. खडी फोडून उजव्या हाताची बोटं आखडलीत, लेखणी निसटते. मुन्शी चिडतो. मी उठत न्हाई. पोरीला शेजारी बसवतो. तिला झोप येते, रडते. तरी बसवतो. तिच्याबद्दल कुणी काही लिहायच्या आत तिला ते वाचता आलंच पाहिजे.