आत्याचे दोन दिवस

आमची आत्या खोटं बोलत नाही. हा तिचा गुण नाही, आजार आहे. या ड्रेसमध्ये मी जाड दिसते का, असं कुणी विचारलं की आत्या हो म्हणणार. माझं शिवणकामाचं दुकान आहे म्हणून सांगते, या बाईने एकाच दुपारी माझी तीन गिऱ्हाइकं घालवली आहेत. सगळं खोरं तिला आत्याच म्हणतं, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा.

बारा वर्षांची असल्यापासून दर उन्हाळ्यात ती गुरं घेऊन डोंगरावर जाते. खोऱ्याच्या तोंडाशी आमचं गाव, मग चढत गेलं की खालची वस्ती, मधली वस्ती आणि अगदी बर्फाच्या रेषेखाली वरची वस्ती. वस्ती म्हणजे दगडी भिंतींची आठ-दहा घरं, फक्त उन्हाळ्यापुरती. थंडी पडली की कुलपं लावून सगळे गुरांसकट खाली येतात. आत्याचे बावन्न उन्हाळे असे गेले. मुली बघायला लोक यायचे उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यात ही गावात नसायची, एवढीच तिच्या लग्नाची गोष्ट. वरच्या घरात तिची एक खोली आहे. भिंतीशी दुधाचे कॅन उपडे घातलेले, चुलीजवळ बाक, दाराच्या आतल्या बाजूला खडूने त्या साली जन्मलेल्या वासरांची नावं. मधली वस्ती पाच वर्षांपूर्वी ओस पडली. वरच्या वस्तीत आता आत्या आणि तिच्या एकतीस गायी, बस. डोंगर चढायला येणारे लोक तिच्याकडे मुक्काम करतात, दूध पितात आणि तिची बोलणी खातात.

घोळ झाला तो माझ्या दुकानात. मार्गांच्या कचेरीतून कागद आला. खोऱ्यातल्या पायवाटांची नव्याने नोंद होतेय, गावापासून वरच्या वस्तीपर्यंत किती वेळ लागतो ते भरून पाठवा. आत्याला वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा तिला कधीच सापडत नाही, म्हणून कागद माझ्याकडे. मी मशीनवर बसलेली, तोंडात टाचण्या, बाही उलटी जोडली म्हणून आधीच डोकं फिरलेलं. किती वेळ लागतो म्हणून विचारलं, तर आत्या म्हणाली दोन दिवस. मी लिहिलं दोन दिवस. लहानपणी मीसुद्धा दर साल तिच्याबरोबर जायचे, आणि मलाही दोनच दिवस लागायचे. गुरांच्या मागे. गाय चरत चरत चालते, पाणी दिसलं की थांबते, दुपारी बसून रवंथ करते. गुरांशिवाय ती वाट आमच्या घरात कुणी कधी चाललंच नव्हतं. याला दुसरं काही उत्तर असू शकतं हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

पुढे गुरं खाली उतरली आणि त्याच आठवड्यात पत्र आलं. वाट आठ तासांहून लांब, मधली वस्ती ओस पडल्याने मुक्कामाला छप्पर नाही, सबब मार्ग धोक्याचा, नकाशातून काढत आहोत. गेला तर जाऊ दे, म्हणून आत्या उठली. मी पुढचं वाचलं आणि तिचा हात धरून तिला थांबवलं. मधल्या वस्तीच्या अलीकडे खोल घळ आहे आणि तिच्यावर लाकडी साकव. त्याच्या सडलेल्या फळ्या कचेरी दर वसंतात बदलायची, कारण तो नकाशातल्या मार्गावर होता. मार्ग नाही म्हणजे फळ्या नाहीत, आणि साकव नाही तर गायी पलीकडे जाणार कशा? आत्या परत खाली बसली.

"वर नाही गेले तर मी करू काय गं?" ती म्हणाली.

आत्या दुसऱ्याला प्रश्न विचारतेय, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. आणि कागदावरचं अक्षर माझं होतं. स्वतःच्याच दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या मला.

कचेरीत चार खेपा घातल्या. भांडले, विनवलं, एकदा तर टेबलावर हात आपटला. शेवटी त्यांनी एवढं मानलं, की पाहणीचे साहेब येतील, गावातलं एखादं साधं माणूस त्यांच्याबरोबर चालेल, आणि दोघंही आठ तासांच्या आत वर पोचले तर मार्ग राहील. मी माझ्या दिराला तयार केलं, तो दूध आणायलासुद्धा पळत जातो. पण आत्या म्हणाली, सांगितलं मी, तर चालणारही मीच. वय चौसष्ट. तिच्याशी वाद घालणं म्हणजे तोंडाची वाफ दवडणं, म्हणून मी मुकाट्याने बरोबर निघाले.

साहेब माणूस बरा होता. गोलमटोल, पायात कोरे करकरीत बूट, गळ्यात घड्याळ. बरोबर सातला आम्ही गाव सोडलं. आणि पहिल्या ओढ्यावर माझ्या लक्षात आलं की आत्याला एकटीला चालताच येत नाही. पाय भक्कम होते, दमही होता. पण ओढ्याशी ती थांबली. पाणी प्यायली नाही, नुसती उभी राहिली, एकतीस गायींचं पिऊन होईल एवढा वेळ. पुढे कुरणाच्या कडेला तेच. प्रत्येक वळणावर मागे वळून मोजायची. मी म्हटलं, आत्या, गायी गोठ्यात आहेत. ती म्हणाली, माहितेय मला, आणि पुढच्या पाण्यावर पुन्हा उभी. बावन्न वर्षांची सवय पायांत मुरलेली, ते डोक्याचं ऐकायलाच तयार नव्हते. खालची वस्ती दीड तासाची, आम्हाला पावणेतीन लागले. मी चिडले, ओढलं, शेवटी रडकुंडीला आले.

साकव ओलांडून मधल्या ओस वस्तीत शिरलो तेव्हा पाच तास दहा मिनिटं झाली होती. खरा उभा चढ तर पुढेच होता. एका पडक्या भिंतीवर साहेब बसले आणि बूट काढायला लागले. टाचेला हा एवढा फोड. माझ्याने काही पुढे होणार नाही म्हणाले, आणि बाईंचंही होईलसं दिसत नाही, तेव्हा इथेच शेरा लिहून टाकतो. त्यांनी वही काढली. संपलं, असं मी मनात म्हटलं.

आत्या साहेबांकडे बघत होती. ती नजर मला ठाऊक होती. चढाच्या पायथ्याशी एखादी कालवड बसकण मारते, तेव्हा आत्या तिच्याकडे अशी बघते. राग नाही, कीव नाही, फक्त आता हिला उठवायचं. तिने डोक्याचा रुमाल सोडून साहेबांच्या टाचेला घट्ट बांधला, वरून बूट चढवला, त्यांची पिशवी स्वतःच्या पाठीवर टाकली आणि त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.

"ऊठ बाळा," ती म्हणाली. "मागे कुणाला ठेवत नाही मी."

आणि साहेब उठले की हो! का उठले ते त्यांनाच विचारा. आत्याने मागून जिभेने टकटक सुरू केली. साहेब वाटेच्या कडेला सरकले की काठी आडवी. बसायला टेकले की पाठीवर हलकी थाप आणि 'हं, चल, शहाणी ती'. साहेब शहाण्यासारखे चालत होते. वरचा ओढा दिसला तसा माझा जीव खालीवर झाला. पण आत्या त्या पाण्यातून थेट निघून गेली, मान वळवून बघितलंसुद्धा नाही. हाताला काम आलं होतं ना. रेंगाळलेलं जनावर वर न्यायचं असलं की आत्या कुठे थांबत नाही, तिने बावन्न वर्षांत असली शंभर वर नेली असतील. शेवटच्या चढाला मीच मागे पडले, तर मलाही टकटक. मला हसू आवरेना आणि हसायला दमही पुरेना.

वरच्या वस्तीतल्या तिच्या दाराच्या कुलपाला आत्याने हात लावला, तेव्हा साहेबांच्या घड्याळात सात तास चव्वेचाळीस मिनिटं झाली होती. मी तिथेच गवतात बसून भोकाड पसरलं, आनंदाने. साहेबही लाल तोंडाने हसत होते. त्यांनी वहीत वेळ लिहिली, सही केली. आत्या त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"खाली अजून एक ओळ लिहा," ती म्हणाली, आणि काय ते सांगितलं.

साहेब म्हणाले, त्याला रकानाच नाही. आत्या म्हणाली, मग कडेला लिहा, जागा पुष्कळ आहे. साहेबांनी निमूटपणे लिहिलं. एकदा तिने हाकलेलं माणूस तिच्याशी वाद घालत नाही.

पुढच्या वसंतात साकवावर पिवळ्याधमक नव्या फळ्या आल्या आणि खोऱ्याच्या तोंडाशी नवा फलक लागला. गुरं वर निघाली त्या सकाळी मी दुकान बंद ठेवून पोचवायला गेले. आत्याने सगळा कळप थांबवला, सगळे खिसे उलटेपालटे केले आणि जन्मात एकदा तिला वेळेवर चष्मा सापडला. तो लावून तिने एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं. वरची वस्ती, चालत पावणेआठ तास. त्याखाली लहान अक्षरांत, गुरांबरोबर दोन दिवस.

तिने चष्मा घडी करून ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"बघ," ती म्हणाली. "बरोबरच सांगितलं होतं मी."

मग ती एकतीस गायींच्या मागे गेली आणि तिने जीभ वाजवली.