कौसल्याची मार्चची गुणपत्रिका

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, मुलींना नाही. तुम्हाला सांगते आहे — तुम्ही कौसल्याला ओळखत नाही म्हणूनच बहुतेक.

जामखेडच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. मी मार्चमध्ये मॅट्रिक झाले आणि घरी बसले. ती गणितात अडकली, आणि ऑक्टोबरला सगळे विषय पुन्हा देऊन पास झाली. नुसती पास? माझ्यापेक्षा बावीस गुण जास्त! मी हबकलेच. तिला गणित मीच शिकवत होते हो.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोघींनी नगरला डी.एड.चा अर्ज करायचं ठरवलं. आमच्या तालुक्यातून एखादीच मुलगी घेतात, असं ऐकलं होतं. माझे वडील हेडमास्तर. गुणपत्रिकेची नक्कल मी हाताने उतरवायची, त्यांनी ‘खरी नक्कल’ म्हणून सही-शिक्का करायचा. माझ्यावर भरवसा — वाचायचेही नाहीत. कौसल्याने दोन्ही गुणपत्रिका माझ्या हाती दिल्या.

“कंची लावायची ती तूच लाव. मला न्हाई कळत त्यातलं.”

यात न कळण्यासारखं काय होतं? ऑक्टोबरची लावायची. मी — मी मार्चची उतरवली. ‘नापास’ हा शेरासुद्धा, वळणदार अक्षरात. हात थरथरला असेल म्हणता? छे! मग जेवले, दुपारी झोपलेसुद्धा. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो. सतरा वर्षांची पोर मी, इतकी निगरगट्ट कुठून झाले?

महिन्याभरात तिचा अर्ज परत आला. नापास उमेदवाराचा विचार होत नाही, असं पत्र, सोबत माझ्या अक्षरातली नक्कल. ते घेऊन ती उन्हातान्हाची आमच्या दारात आली. आता ही मला फाडून खाणार, अशी तयारी ठेवून मी बाहेर आले.

“माझंच चुकलं गं,” ती म्हणाली. “दोन्ही कागद दिले, म्हनून तुझा घोटाळा झाला. तू नको मनाला लावून घिऊ.”

बोलायची हीच वेळ होती ना? वडील आत होते. दुसरी नक्कल करून अर्ज पुन्हा धाडता आला असता. पुढच्याच महिन्यात तिचं लग्न लावून दिलं. मी मात्र नगरला गेले, एकतीस वर्षं शिकवलं.

त्या दारात मी बोलले, नाही असं नाही. म्हणाले, “नीट बघून द्यायचं ना गं, कौसल्या.”

आणि तिने मान डोलावली.